घरचा सर्व्हर ‘चालत नाही’ म्हणजे नेमकं काय बिघडलंय?

कपाटात पडलेला जुना लॅपटॉप काढायचा, विंडोज पुसून त्यावर डेबियन लिनक्स टाकायचं, वर्षानुवर्षांचे फोटो नि व्हिडिओ एका मोठ्या डिस्कवर भरायचे आणि जेलीफिनसारखा प्रोग्रॅम लावून ते टीव्हीवर बघायचे. घरच्या सर्व्हरची सुरुवात बहुतेक जण अशीच करतात. पहिले काही दिवस छान जातात. मग एका संध्याकाळी वीज जाऊन येते, टीव्हीवर गोल चक्र फिरत राहतं आणि घरातून ओरड होते, ‘‘सर्व्हर बंद पडलाय!’’

एवढ्यावरून काहीच कळत नाही. लॅपटॉप झोपला असेल. त्याचा पत्ता बदलला असेल. जेलीफिन सुरूच झालं नसेल, किंवा सुरू होऊनही त्याला डिस्क सापडत नसेल. डिस्क सापडली पण फाइल वाचायची परवानगी नाही, असंही असेल. टीव्हीसमोर बसलेल्याला हे सगळे प्रकार सारखेच दिसतात. नवखा माणूस यावर जे करतो त्याचा क्रमही जवळपास ठरलेला असतो. आधी रीस्टार्ट, मग नेटवर सापडलेल्या कमांड एकामागून एक, मग फायरवॉल बंद, मग सगळ्या फोल्डरांना ‘सातशे सत्त्याहत्तर’ परवानगी (म्हणजे सगळ्यांना सगळं करायची मुभा), आणि काहीच चाललं नाही तर पुन्हा इन्स्टॉल. यातून सर्व्हर कधीकधी सुरू होतोही. पण नेमका कशाने सुरू झाला ते कळत नाही, आणि मधल्या मध्ये दोन-तीन नवे घोळ घालून ठेवलेले असतात.

लिनक्सवर हे करायची गरज सहसा पडत नाही, कारण काय बिनसलं ते तो बऱ्यापैकी नेमक्या शब्दांत सांगतो. आपण ते शब्द न वाचता खिडकी बंद करतो. (पुढे कमांडची नावं देवनागरीत दिली आहेत, टाइप अर्थात रोमनमध्येच करायची.)

सुरुवात दुसऱ्या कॉम्प्युटरवरून एसएसएच करून पाहण्यापासून करावी. एसएसएच म्हणजे सर्व्हरच्या टर्मिनलमध्ये नेटवर्कवरून शिरण्याची सोय. ते जमलं तर उत्तम. नाही जमलं तर जो एरर येतो तो शब्दशः वाचावा, कारण तुमची हाक कुठवर पोहोचली ते त्यावरून समजतं. सर्व्हरचा आयपी पत्ता म्हणजे सोसायटीतली इमारत आणि पोर्ट म्हणजे त्या इमारतीतला फ्लॅट नंबर असं धरू. एसएसएचचा फ्लॅट २२, जेलीफिनचा ८०९६, विंडोजसारखं फाइल शेअरिंग करणाऱ्या साम्बाचा ४४५.

‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आलं तर तुम्ही योग्य इमारतीत पोहोचला आहात, फक्त त्या फ्लॅटमध्ये कोणी राहत नाही. मशीन चालू आहे, नेटवर्क ठीक आहे, केबल ठीक आहे. बंद आहे तो फक्त तो प्रोग्रॅम, किंवा तो वेगळ्या पोर्टवर बसलाय. नुकतंच डेबियन टाकलेल्या मशीनवर २२ नंबरवर हा एरर आला तर बहुतेक वेळा इन्स्टॉल करताना ‘एसएसएच सर्व्हर’ या चौकटीत खूण करायची राहून गेलेली असते.

‘कनेक्शन टाइम्ड आउट’ आलं तर उत्तर देणारंच कोणी नाही. पत्ता चुकला, किंवा फायरवॉलने तुमची हाक गुपचूप गिळली. अगदी ताज्या डेबियनवर फायरवॉलचे कोणतेही नियम लागू नसतात, त्यामुळे तुम्ही स्वतः यूएफडब्ल्यू (लिनक्सवरचा सोपा फायरवॉल) वगैरे काही चालू केलं नसेल तर फायरवॉलवर संशय घेण्यात वेळ घालवू नये. (यूएफडब्ल्यू चालू करणाऱ्यांनी आधी एसएसएचला परवानगी द्यावी आणि मगच ते चालू करावं. हा क्रम उलटा झाला की पुढच्या वेळी आत शिरायची वाट बंद होते, आणि मग माळ्यावर ठेवलेला सर्व्हर खाली उतरवून त्याला कीबोर्ड जोडावा लागतो.)

‘नो रूट टू होस्ट’ हा घरातल्या घरात आला तर त्या पत्त्यावर सध्या कोणतंच यंत्र नाही असा त्याचा अर्थ बहुधा असतो. सर्व्हर बंद आहे, झोपलाय, केबल निघालीय किंवा त्याचा पत्ता बदललाय.

आणि ‘परमिशन डिनाइड’ ही खरं तर आनंदाची बातमी. दार उघडलं, आतल्याने तुम्हाला पाहिलं आणि ओळखलं नाही. नेटवर्कचा सगळा भाग तपासून झाला असं समजा. पासवर्ड चुकला असेल, यूजरचं नाव चुकलं असेल, किंवा तुम्ही ‘रूट’ (सगळे अधिकार असलेला मुख्य यूजर) म्हणून शिरायचा प्रयत्न करत असाल. ओपन-एसएसएच २०१५ पासून रूटला पासवर्डने येऊ देत नाही, आणि ते योग्यच आहे. साध्या यूजरने यावं.

पाचवा प्रकार दिसायला भयंकर, पण घरात बहुधा निरुपद्रवी असतो. ‘रिमोट होस्ट आयडेंटिफिकेशन हॅज चेंज्ड’ असा मोठ्या अक्षरांतला इशारा. तुम्ही सर्व्हर नुकताच पुन्हा इन्स्टॉल केला असेल तर त्याची ओळख बदलणारच. ‘एसएसएच-कीजेन -आर’ (आर कॅपिटल) आणि पुढे पत्ता, एवढ्याने जुनी नोंद जाते. काहीच बदललं नसताना हा इशारा आला तर मात्र थांबावं. दुसरंच एखादं यंत्र त्या पत्त्यावर बसलेलं असू शकतं.

पत्ता बदलणं हा घरच्या सर्व्हरचा नेहमीचा आजार आहे. राउटर प्रत्येक यंत्राला पत्ता उधारीवर देतो. वीज जाऊन आल्यावर अनेकदा राउटरची वही कोरी होते आणि काल १९२.१६८.१.५० असलेला सर्व्हर आज १९२.१६८.१.५३ होतो. टीव्ही अजून ५० वरच शोधतोय. सर्व्हरला स्क्रीन जोडून ‘आयपी ए’ ही कमांड दिली की आजचा पत्ता कळतो, किंवा राउटरच्या पानावर जोडलेल्या यंत्रांची यादी असते तिथे बघावा. कायमचा उपाय राउटरमध्येच करावा. ‘अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन’ किंवा तत्सम नावाखाली सर्व्हरच्या मॅक पत्त्यासमोर (त्याच्या नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) एक आयपी बांधून टाकता येतो. सर्व्हरवर हाताने स्थिर पत्ता लिहूनही चालतं, पण राउटर बदलला आणि नव्याची पत्त्यांची मालिका वेगळी निघाली की तोच सर्व्हर बेपत्ता होतो. मला राउटरवाला मार्ग बरा वाटतो.

आपल्याकडच्या घरांत याला आणखी एक फाटा असतो. इंटरनेटवाल्याने बसवलेला एक डबा आणि रेंज मिळावी म्हणून आपण विकत आणलेला दुसरा राउटर. दोघंही आपापले पत्ते वाटतात. टीव्ही पहिल्याच्या वाय-फायवर, सर्व्हर दुसऱ्याच्या. एकाच दिवाणखान्यात असून दोघं वेगवेगळ्या नेटवर्कवर, त्यामुळे टीव्हीला सर्व्हर दिसत नाही. पत्त्याचा तिसरा आकडा वेगळा दिसला, म्हणजे एक १९२.१६८.१ ने सुरू होतोय आणि दुसरा १९२.१६८.० ने, तर हाच घोळ समजा. दुसऱ्या राउटरला ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ मोडमध्ये टाकलं की पत्ते एकच जण वाटतो. ‘गेस्ट’ वाय-फायवर सर्व्हर कधीच ठेवू नये, तिथली यंत्रं एकमेकांना दिसू नयेत अशीच त्याची रचना असते. जमेल तर सर्व्हरला वाय-फाय नकोच, केबल लावा.

आता समजा एसएसएच चालतंय, पण जेलीफिनचं पान उघडत नाही. मग नेटवर्क सोडा, प्रोग्रॅमकडे वळा. ‘सिस्टमसीटीएल स्टेटस जेलीफिन’ ही कमांड तो चालू आहे का ते सांगते. ‘फेल्ड’ दिसलं तर ‘जर्नलसीटीएल -यू जेलीफिन -बी’ दिल्यावर आजच्या बूटपासूनची त्याची सगळी नोंद मिळते. लोक या नोंदीची शेवटची ओळ वाचतात, आणि ती बहुतेकदा ‘प्रोग्रॅम संपला’ एवढंच सांगत असते. खरं कारण थोडं वर असतं. वर सरकत जाऊन पहिली तक्रार शोधायची. त्यानंतरच्या तक्रारी बऱ्याचदा तिच्याचमुळे आलेल्या असतात. रात्री मशीन आपोआप रीस्टार्ट झालं असेल तर ‘-बी -१’ देऊन आधीच्या बूटची नोंदही वाचता येते.

स्टेटसमध्ये आणखी एक शब्द बघायचा, ‘एनेबल्ड’ की ‘डिसेबल्ड’. प्रोग्रॅम आत्ता चालू असणं आणि मशीन सुरू झाल्यावर तो आपोआप चालू होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘स्टार्ट’ म्हटलं की तो आत्तापुरता चालू होतो, ‘एनेबल’ म्हटल्यावर दर बूटला. डेबियनच्या पॅकेजमधून आलेल्या सेवा (मागे चालत राहणारे असे प्रोग्रॅम) सहसा आपोआप एनेबल होतात, हाताने लिहिलेल्या होत नाहीत. डॉकर (प्रोग्रॅम ‘कंटेनर’ नावाच्या वेगळ्या कप्प्यात चालवण्याची सोय) वापरणाऱ्यांचंही तेच. कंटेनरला ‘रीस्टार्ट’चं धोरण दिलं नसेल तर वीज गेल्यावर तो परत येत नाही, म्हणून तिथे ‘अनलेस-स्टॉप्ड’ लिहावं. ‘लाइट गेली की सर्व्हर बिघडतो’ ही तक्रार जिथे जिथे ऐकू येते तिथे मी आधी या दोन जागा बघतो.

सेवा चालू आहे, तरी बाहेरून ‘रिफ्यूज्ड’ येतंय? मग ‘एसएस -टीएलएनपी’ चालवा. कोणता प्रोग्रॅम कोणत्या पत्त्यावर आणि पोर्टवर कान देऊन बसलाय त्याची ही यादी. पत्त्याच्या जागी १२७.०.०.१ असेल तर तो प्रोग्रॅम फक्त त्याच मशीनवरून आलेली हाक ऐकतो, घरातल्या इतर कोणाची नाही. ०.०.०.० असेल तर सगळ्यांची ऐकतो. अनेक प्रोग्रॅम सुरक्षेसाठी मुद्दाम पहिल्या प्रकारे सुरू होतात, आणि त्यांच्या सेटिंगमध्ये ते बदलायची एक ओळ असते.

मध्येच एक अडथळा डेबियनवर जवळजवळ प्रत्येकाला लागतो. रूटचे अधिकार तात्पुरते देणारी ‘सुडो’ कमांड चालवली की उत्तर येतं, तुमचं नाव ‘सुडोअर्स’ फाइलमध्ये नाही. तुम्ही गुन्हा केलेला नाही. डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये रूटचा पासवर्ड दिला तर पहिल्या यूजरला सुडोचा हक्क मिळत नाही, तो रकाना रिकामा ठेवला तर मिळतो. पासवर्ड दिलेला असेल तर ‘एसयू’ आणि पुढे एक डॅश लिहून रूट व्हा, ‘अ‍ॅडयूजर’, पुढे आपलं नाव, पुढे ‘सुडो’ असं टाइप करा, मग लॉगआउट करून परत या. तो डॅश महत्त्वाचा आहे. त्याच्याशिवाय रूट झालात तर ‘अ‍ॅडयूजर’ ही कमांडच सापडत नाही, कारण ती ज्या फोल्डरात असते तिकडे बघायलाच तुमचं टर्मिनल शिकलेलं नसतं.

जेलीफिन उघडलं, पण लायब्ररी रिकामी. इथून परवानगीचा प्रांत सुरू होतो. जेलीफिन तुमच्या नावाने चालत नाही, ‘जेलीफिन’ नावाच्या स्वतंत्र यूजरच्या नावाने चालतं. तुम्हाला फाइल दिसते म्हणून त्याला दिसेल असं नाही. फाइलवर वाचायची परवानगी असूनही भागत नाही. तिच्यापर्यंत जाणाऱ्या वाटेवरच्या प्रत्येक फोल्डरातून आत जाण्याची परवानगी त्या यूजरला हवी. सिनेमे तुमच्या होम फोल्डरात ठेवले असतील तर वाट तिथेच अडते, कारण डेबियन आणि उबुंटूच्या अलीकडच्या आवृत्त्या होम फोल्डर इतरांसाठी बंदच ठेवतात. ‘नेमआय -एल’ आणि पुढे फाइलचा पूर्ण पत्ता दिला तर वाटेवरचा एकेक फोल्डर, त्याचा मालक आणि परवानगी ओळीने दिसते, आणि नेमका कुठे अडसर आहे ते नजरेला येतं. या कमांडचं नाव फारसं कोणी घेत नाही याचं मला नवल वाटतं. यावर ‘सातशे सत्त्याहत्तर’ लावलं तर लायब्ररी दिसेल, पण घरातल्या सर्व्हरवरचा कुठलाही प्रोग्रॅम ते फोटो पुसू शकेल. त्यापेक्षा सिनेमे-फोटो होमच्या बाहेर, ‘एसआरव्ही’ फोल्डरात ठेवा, एक गट करा, त्यात जेलीफिनला घाला आणि त्या गटाला फक्त वाचू द्या. गट बदलल्यावर जेलीफिन एकदा रीस्टार्ट करायला विसरू नका, चालू असलेल्या प्रोग्रॅमला नवा गट कळत नाही.

डिस्कच्या भानगडी मात्र सगळ्यात वेळखाऊ. बाहेरून लावलेली यूएसबी डिस्क आज ‘एसडीबी’ असते, उद्या पेनड्राइव्ह लावून बूट केलं तर ‘एसडीसी’. म्हणून कोणती डिस्क कुठे जोडायची ते सांगणाऱ्या ‘एफएसटॅब’ फाइलमध्ये ती नावं न लिहिता डिस्कचा यूयूआयडी (तिचा स्वतःचा ओळख क्रमांक) लिहायचा, तो ‘बीएलकेआयडी’ कमांडने मिळतो. त्याच ओळीत ‘नोफेल’ हा पर्याय घालायचा. तो नसेल आणि डिस्कची वायर सैल झाली असेल, तर बूट होताना सिस्टम त्या डिस्कची ९० सेकंद वाट बघते आणि मग ‘इमर्जन्सी मोड’मध्ये जाऊन बसते. नेटवर्क सुरू होत नाही, एसएसएच नाही. आणि इन्स्टॉल करताना रूटचा पासवर्ड रिकामा सोडला असेल तर तिथे ‘रूट अकाउंट लॉक आहे’ असा निरोप येतो, म्हणजे कीबोर्ड जोडूनही आत शिरता येत नाही. लाइव्ह यूएसबीवरून बूट करून ती एक ओळ दुरुस्त करावी लागते. सहा अक्षरांच्या ‘नोफेल’ने हे सगळं वाचतं.

‘नोफेल’ची एक किंमतही आहे. डिस्क जोडली गेली नाही तरी सिस्टम मुकाट्याने सुरू होते, आणि डिस्क जिथे जोडली जायची तो फोल्डर रिकामा असला तरी असतोच. फोनमधले फोटो रोज रात्री त्यात उतरवणारा प्रोग्रॅम निवांतपणे त्या रिकाम्या फोल्डरात, म्हणजे लॅपटॉपच्या छोट्याशा मूळ डिस्कवर लिहीत सुटतो. ती भरली की एकेक सेवा पडायला लागते. नंतर तुम्ही वायर नीट बसवता, मोठी डिस्क त्याच फोल्डरावर येऊन बसते आणि खाली गेलेले फोटो झाकले जातात. आता डिस्क किती भरली ते सांगणारं ‘डीएफ’ म्हणतं मूळ डिस्क पूर्ण भरली, ‘डीयू’ने फोल्डर मोजावेत तर तेवढा माल कुठेच नाही. डिस्क तात्पुरती काढून खालचा फोल्डर बघितला की हरवलेले फोटो सापडतात. हे पुन्हा होऊ नये म्हणून डिस्क जोडलेली नसताना त्या रिकाम्या फोल्डरावर ‘चॅटर’ (chattr) कमांडने ‘प्लस आय’ खूण लावावी. मग डिस्क नसताना तिथे रूटलाही लिहिता येत नाही, आणि डिस्क जोडल्यावर या खुणेचा काही त्रास नसतो.

‘डीएफ’ची गोष्ट निघालीच आहे तर, ईएक्सटी४ प्रकाराने तयार केलेल्या डिस्कची ५ टक्के जागा रूटसाठी राखून ठेवलेली असते. ४ टीबीच्या डिस्कवर ती जवळपास २०० जीबी होते. निव्वळ सिनेमे-फोटो ठेवायच्या डिस्कवर एवढी राखीव जागा लागत नाही, ‘ट्यून२एफएस’ने १ टक्क्यावर आणता येते. विंडोजमधून काढून आणलेली एनटीएफएस डिस्क लिनक्सवर लिहू देत नसेल किंवा जोडलीच जात नसेल, तर ती विंडोजला परत लावून, तिथला ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करून, पूर्ण शटडाउन करून आणावी. आणि कर्नलचे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचे, निरोप दाखवणाऱ्या ‘डीमेसेज’मध्ये (dmesg) ‘आय/ओ एरर’ दिसायला लागले तर बाकीची तपासणी ठेवा बाजूला, आधी डेटा दुसरीकडे उतरवा.

लॅपटॉपचा सर्व्हर केला की काही खास गोष्टी येतात. झाकण लावलं की तो झोपतो. ‘लॉगइनडी.कॉन्फ’मध्ये ‘हँडल-लिड-स्विच’पुढे ‘इग्नोर’ लिहून रीबूट करावं. त्याची बॅटरी ही आयती यूपीएस आहे हे खरं, पण राउटरला बॅटरी नसते, म्हणून इन्व्हर्टरची जोडणी असेल तर राउटर तिच्यावर घ्या. वर्षभर चार्जरवर असलेली जुनी बॅटरी फुगू शकते. लॅपटॉपचा तळ सपाट बसत नसेल तर ती काढूनच टाका. डेस्कटॉप असेल तर बायोसमध्ये वीज परत आल्यावर आपोआप सुरू होण्याचा पर्याय असतो. जुन्या डेस्कटॉपची सीआर२०३२ ही बटणासारखी बॅटरी संपली असेल तर वीज गेल्यावर घड्याळ काही वर्षं मागे जातं, आणि मग डेबियनवर प्रोग्रॅम बसवणारं ‘एपीटी’ म्हणायला लागतं की रिलीज फाइल अजून वैधच झालेली नाही. विचित्र सर्टिफिकेट एरर आले तर आधी ‘टाइमडेटसीटीएल’ने तारीख बघावी.

घरात सगळं चालतंय, बाहेरून चालत नाही, हा शेवटचा मोठा विषय. राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली हाक सर्व्हरकडे वळवणं) केलं, तरी ‘टाइम्ड आउट’. राउटरच्या पानावर वॅन पत्ता, म्हणजे त्याला बाहेरच्या बाजूने मिळालेला पत्ता, बघा (घरात दोन राउटर असतील तर इंटरनेटवाल्याच्या डब्यावरचा). तो १००.६४ ते १००.१२७ यांच्यात सुरू होत असेल, किंवा ‘माझा आयपी काय’ सांगणाऱ्या साइटवर दिसणाऱ्या पत्त्याहून वेगळा असेल, तर तुम्ही बहुधा सीजीनॅटच्या मागे आहात. जगातले आयपीव्ही४ पत्ते पुरेनात, म्हणून इंटरनेट कंपन्या एकच जाहीर पत्ता अनेक घरांत वाटून देतात. बाहेरून आलेली हाक कंपनीच्या यंत्रापाशीच संपते, तुमच्या राउटरपर्यंत येतच नाही. मग त्यात कितीही पोर्ट उघडा, फरक पडणार नाही. स्थिर पत्ता काही कंपन्या जादा पैसे घेऊन देतात. आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी, मुबलक पद्धत) असेल तर त्यावरून येता येतं, पण राउटरचा फायरवॉल बाहेरच्या हाका सहसा अडवतो आणि त्यात एका यंत्रापुरती वाट करावी लागते.

माझं मत विचाराल तर पोर्ट उघडण्याच्या फंदात पडूच नये. उघडा २२ नंबर इंटरनेटवर दिसला की अनोळखी यंत्रं दिवसरात्र पासवर्ड लावून बघतात. जर्नलसीटीएलमध्ये ती रांग तुम्हाला स्वतःच दिसेल. डॉकर वापरत असाल तर आणखी एक खाच आहे. डॉकरने उघडलेलं पोर्ट यूएफडब्ल्यूच्या नियमांना बगल देऊन जातं, त्यामुळे बंद आहे असं वाटणारं दार उघडं असू शकतं. त्याऐवजी व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटमधून जाणारा खासगी बोगदा, वापरावं. वायरगार्ड हे व्हीपीएन २०२० पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच आहे, आणि त्यावर बांधलेलं टेलस्केल सीजीनॅटच्या मागूनही चालतं, कारण त्यात घरचा सर्व्हर स्वतः बाहेर हाक मारतो. सर्व्हरवर आणि फोनवर टेलस्केल टाका, दोन्हीकडे एकाच खात्याने लॉगइन करा, मग फोनचं वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर सर्व्हरचा नवा पत्ता आणि ८०९६ उघडून बघा. घरातल्या वाय-फायवर बसून ही चाचणी केली तर ‘बाहेरून चालतंय’ हे सिद्ध होत नाही.